उष्णता, प्रवास आणि काळ : मुरलेल्या प्रबलित वाइनच्या शैली आणि जालन्याची लष्करी छावणी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात जालना शहराचा उल्लेख प्रामुख्याने तीन संदर्भांत येतो : व्यापारपेठ म्हणून, निजामी राजवटीतील लष्करी ठाणे म्हणून आणि असईच्या लढाईच्या निमित्ताने. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या पेठेच्या समृद्धीची साक्ष देते. तथापि या पेठेत आणि छावणीत लोक काय खात-पीत होते, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला. मद्याचा इतिहास तर त्याहून उपेक्षित राहिला. मद्य हा नीतिचर्चेचा विषय मानला गेल्यामुळे तो इतिहासचर्चेतून आपोआप वगळला गेला असावा. वास्तविक मद्याच्या इतिहासात शेती, सागरी व्यापार, लष्करी पुरवठा, वैद्यक आणि राज्याचा महसूल या साऱ्यांचे धागे एकत्र येतात.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या जालन्यासारख्या छावणीपर्यंत युरोपातील कोणत्या प्रकारची वाइन टिकून येऊ शकत होती आणि का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरा प्रश्न उद्भवतो. या वाइनच्या निरनिराळ्या शैली आज शेजारी-शेजारी ठेवून चाखल्या, तर त्यांच्या चवीतून इतिहास वाचता येईल का? मुरलेल्या प्रबलित वाइनची चव ही ती कोणत्या उष्णतेतून, कोणत्या मार्गाने आणि किती काळ गेली याची नोंद असते, आणि ‘मदेरा’ या वाइनच्या बाबतीत ती नोंद घडविण्यात हिंदुस्थानच्या वाटेचा मोठा वाटा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा लेखाचा हेतू नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

संज्ञा आणि शब्द

द्राक्षाच्या रसातील साखरेचे किण्वाच्या क्रियेने मद्यार्कात रूपांतर झाले म्हणजे वाइन तयार होते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ११ ते १४ टक्के असते. अशा वाइनमध्ये द्राक्षापासूनच गाळलेला तीव्र मद्यार्क मिसळला म्हणजे हे प्रमाण १५ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. यालाच इंग्रजीत ‘फोर्टिफाइड’ वाइन म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘प्रबलित वाइन’ ही संज्ञा वापरली आहे. पोर्तुगालमधील पोर्ट व मदेरा, स्पेनमधील शेरी आणि सिसिली बेटावरील मार्साला हे तिचे प्रसिद्ध प्रकार होत.

‘मदेरा’ आणि संस्कृत ‘मदिरा’ यांतील उच्चारसाम्य मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. परंतु हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. पोर्तुगीज भाषेत ‘मदेरा’ म्हणजे लाकूड. घनदाट अरण्यामुळे त्या बेटाला हे नाव पडले. याउलट मराठीतील ‘पीप’ किंवा ‘पिंप’ हा शब्द मात्र पोर्तुगीज ‘पिपा’ या शब्दावरूनच आला आहे. ज्या लाकडी पिपांतून ही वाइन जहाजावर चढत असे, त्या पिपाचे नाव आपल्या घरातील पाण्याच्या भांड्याला मिळाले. शब्दांचा प्रवास अनेकदा मालाच्या मागोमाग होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पेय मुरते आणि मुरल्याने त्याचा गुण वाढतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आयुर्वेदात द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट यांना स्थान आहे. आसवे जुनी झाली म्हणजे अधिक गुणकारी होतात, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. मात्र आसवातील मद्यार्क हा किण्वनातून आपोआप उत्पन्न होतो, बाहेरून घातला जात नाही. लोणचे, मुरंबा आणि आसव यांसाठी मराठी माणूस ‘मुरणे’ हे एकच क्रियापद वापरतो. पुढील विवेचनात तेच क्रियापद उपयोगी पडणार आहे.

पूर्वपीठिका : दूरवर जाणाऱ्या वाइनची अडचण

दख्खनमध्ये परदेशी वाइन येण्याची परंपरा सातवाहनकाळापर्यंत मागे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये वाइनची नोंद आहे. तेथे इटलीच्या वाइनला अधिक पसंती होती आणि तिच्याखेरीज लाओडिसियाची व अरबस्तानची वाइनही येत असे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजेच निरनिराळ्या प्रदेशांच्या वाइनची तुलना करून एकीला अधिक पसंती देणारा ग्राहकवर्ग पश्चिम भारतात तेव्हाही होता. याच ग्रंथात पैठण आणि तगर (तेर) या दख्खनमधील पेठांचा उल्लेख येतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे याच व्यापारी जगाचा भाग होते. तेथील उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखविते.

त्या काळी वाइन टिकविण्यासाठी राळ, आटविलेला द्राक्षरस किंवा समुद्राचे पाणी मिसळले जाई. ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढण्याची कला सर्वत्र पसरल्यानंतर या जुन्या अडचणीवर दुसरा उपाय सापडला. अठराव्या शतकात वाइनमध्ये मद्यार्क मिसळण्याची पद्धत निर्यातीच्या व्यापारात रूढ झाली. प्रबलित वाइनचा इतिहास हा अशा रीतीने दूरच्या प्रवासाचा इतिहास आहे.

असई आणि जालन्याची छावणी

१८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असई येथे आर्थर वेलस्ली याच्या फौजेची शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. जखमींसाठी अजिंठा येथे रुग्णालय उघडण्यात आले. त्या काळच्या युरोपीय वैद्यकात वाइन हे शक्तिवर्धक औषध मानले जाई. पोर्ट आणि मदेरा यांना लष्करी रुग्णालयाच्या भांडारात नेहमीचे स्थान होते.

खुद्द वेलस्लीची दृष्टी मात्र वेगळी होती. हिंदुस्थानात प्रकृती सांभाळण्याचा उपाय म्हणून त्याने आपला भाऊ हेन्री याला मिताहार, व्यायाम, मनाला उद्योग आणि वाइन अत्यल्प किंवा मुळीच न घेणे, असा सल्ला दिला होता. या सल्ल्याची गरज भासावी यातच तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांच्या पानसवयींची कल्पना येते.

युद्धानंतर जालना हे हैदराबादच्या तैनाती फौजेचे महत्त्वाचे ठाणे बनले. १८१७ साली नागपूरकर भोसल्यांविरुद्ध चालून गेलेला सेनापती डव्हटन हा याच फौजेचा होता. पुढे १८२७ मध्ये हैदराबाद कन्टिन्जंटसाठी शहराच्या पूर्वेस छावणी बांधण्यात आली. या दलातील शिपाई हिंदी आणि अधिकारी ब्रिटिश असत. त्याचा खर्च निजामावर होता. या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून गेला. छावणीतील अधिकाऱ्यांच्या मेसमधील मेज कोणाच्या पैशावर सजत होते, हे या तपशिलावरून ध्यानात येते.

जालन्याला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोरे मार्गाने. तत्पूर्वी बंदरावरून येणारा माल घाट चढून बैलगाड्यांनी पठारावर येई. या प्रवासात आठवडे जात. मे महिन्यात जालन्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बोर्दो प्रदेशातील तांबडी ‘क्लॅरेट’ वाइन अशा उष्णतेत लवकर बिघडते. बाटली उघडली की काही दिवसांतच ती आंबते. मदेराचे तसे नाही. उष्णतेने ती बिघडत नाही, आणि उघडलेली बाटली महिनोन्महिने टिकते. हिंदुस्थानातील लष्करी मेसमध्ये मदेराला जे स्थान मिळाले, त्यामागे अभिरुचीइतकेच हे व्यावहारिक कारण होते.

मदेरा : वाटेवर घडलेली वाइन

मदेरा बेट आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात आहे. युरोपातून केप ऑफ गुड होपमार्गे हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे तेथील फुंशाल बंदरात पाणी, अन्न आणि वाइन घेत. १६६३ च्या इंग्रजी नौकानयनविषयक कायद्याने मदेराच्या वाइनला वसाहतींत थेट नेण्याची मुभा दिली, त्यामुळे इंग्रज व्यापाऱ्यांनी या बेटावर जम बसविला. १६८९ साली सुरतेकडे निघालेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन वाटेत येथे थांबला होता. सूर्याच्या उष्णतेने ही वाइन सुधारते, हा तिचा विशेष त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदविला आहे. उष्णता ही इतर वाइनची शत्रू आणि मदेराची मित्र, ही जाणीव सतराव्या शतकाअखेर होती, असे यावरून म्हणता येते.

अठराव्या शतकात या जाणिवेचे व्यापारी पद्धतीत रूपांतर झाले. मदेराहून मुंबई-मद्रासला जाणारे जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडते. पिपे तशीच परत युरोपात नेली, तर चार वेळा. जहाजाच्या तळाशी, उष्ण व हेलकावणाऱ्या अंधारात महिनोन्महिने राहिलेली वाइन परत आल्यावर अधिक गडद, अधिक मऊ आणि अधिक सुगंधी झालेली आढळे. अशा वाइनला पोर्तुगीज व्यापारी ‘व्हिन्यो दा रोदा’, म्हणजे फेरी करून आलेली वाइन, म्हणत. इंग्लंडच्या बाजारात ‘ईस्ट इंडिया मदेरा’ या नावाने ती चढ्या भावाने विकली जाई. ईस्ट इंडियाचे नाव लावलेली शेरीदेखील पुढे प्रचारात आली.

पिपे जगभर फिरविणे खर्चाचे असल्यामुळे १७९० च्या दशकात बेटावर ‘इस्तुफा’ नावाच्या तापत्या कोठ्या आल्या. जहाजातील उष्णतेचे हे अनुकरण होते. आजही स्वस्त मदेरा ४५ ते ५० अंश तापमानात किमान तीन महिने तापविली जाते. उच्च प्रतीची मदेरा मात्र ‘कान्तेइरो’ पद्धतीने, म्हणजे छपराखालच्या उबदार माळ्यावर पिपांत अनेक वर्षे ठेवून मुरविली जाते. विशिष्ट वर्षाच्या ‘फ्रास्केइरा’ प्रकारासाठी पिपात किमान २० वर्षे राहण्याची अट आहे.

डेव्हिड हॅनकॉक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओशन्स ऑफ वाइन’ या ग्रंथात, मदेराची घडण उत्पादक, व्यापारी आणि दूरचे ग्राहक यांच्या परस्परसंवादातून झाली, असे दाखविले आहे. त्यांचा रोख मुख्यतः अटलांटिक व अमेरिकेकडे आहे. हीच दृष्टी हिंदुस्थानच्या वाटेलाही लावता येते. येथील छावण्यांची मागणी आणि येथवरच्या वाटेची उष्णता या दोन्ही गोष्टी त्या संवादात सामील होत्या. मात्र भाववाढीचा लाभ लंडन व फुंशाल येथील पेढ्यांना झाला.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढासळली. १८५२ च्या सुमारास भुरी रोगाने आणि १८७२ पासून फायलॉक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने मदेराचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. मधल्या काळात, १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानची जहाजे फुंशालच्या वाटेने जाईनाशी झाली. मेसमधील मेजावर बिअर आणि व्हिस्की-सोडा आला. १९०३ साली कन्टिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि जालन्याच्या छावणीचेही पूर्वीचे लष्करी महत्त्व संपले.

शैलींची तुलना : तीन जोड्या

चवीचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करावयाचा असेल, तर एकेक वाइन स्वतंत्रपणे चाखून भागत नाही. एकच गोष्ट बदललेली आणि बाकीच्या शक्य तितक्या समान असलेल्या जोड्या लावाव्या लागतात. कोरडी आधी व गोड नंतर, कोवळी आधी व जुनी नंतर, हा क्रम पाळावा लागतो. व्यावसायिक परीक्षक घोटभर वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकतात, आणि इतरांशी बोलण्यापूर्वी आपले निरीक्षण लिहून ठेवतात. नावे झाकून चाखणे उत्तम, कारण नाव व किंमत यांचा जिभेवर प्रभाव पडतो.

पहिली जोडी शेरीमधील ‘फिनो’ आणि ‘ओलोरोसो’ यांची. दोन्ही जेरेझ परिसरात, पालोमिनो या एकाच जातीच्या द्राक्षापासून होतात. शेरीमध्ये किण्वन पूर्ण झाल्यावर मद्यार्क घालतात, म्हणून ती मूलतः कोरडी असते. फिनोमध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तेवढ्या प्रमाणात ‘फ्लोर’ नावाचा किण्वाचा पांढरट साय-थर पृष्ठभागावर जगतो आणि वाइनला हवेपासून झाकतो. परिणामी ती फिकट राहते, तिला ओल्या पिठाचा व बदामाचा वास येतो, आणि जिभेवर किंचित खारटपणा जाणवतो. ओलोरोसोमध्ये मद्यार्क १७ टक्के किंवा अधिक असल्याने हा थर जगत नाही. वाइन हवेच्या संपर्कात वर्षानुवर्षे मुरते, तपकिरी होते आणि तिला अक्रोडाचा वास येतो. वासावरून गोड वाटणारी ओलोरोसो तोंडात कोरडी निघते. दोहोंतील साऱ्या फरकाचे मूळ हवा झाकणे वा न झाकणे यात आहे.

शेरीचे वय सांगणे अवघड असते, कारण ती ‘सोलेरा’ पद्धतीने मुरते. पिपांच्या उतरंडीतील सर्वांत जुन्या पिपांतून थोडी वाइन काढतात, ती जागा त्याहून नव्या पिपांतल्या वाइनने भरतात, आणि असे वरपर्यंत करीत जातात. कोणतेही पीप पूर्ण रिकामे होत नाही. घरातील विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते, त्याची येथे आठवण व्हावी. शेरीच्या पेल्यात एक वर्ष नसते, वर्षांची परंपरा असते.

दुसरी जोडी पोर्टमधील ‘व्हिंटेज’ आणि ‘टॉनी’ यांची. डौरो नदीच्या खोऱ्यात होणाऱ्या या वाइनचे क्षेत्र १७५६ साली पोंबालच्या कारकिर्दीत कायद्याने आखले गेले. पोर्टमध्ये किण्वन अर्धवट असतानाच मद्यार्क घालून ते थांबवितात, त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि ती बाटलीतच, हवेपासून दूर, अनेक दशके मुरते. तिचा रंग दीर्घकाळ गडद राहतो, जिभेवर तुरटपणा जाणवतो आणि तळाशी गाळ साचतो. टॉनी पोर्ट पिपात मुरते. लाकडाच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेने तिचा तांबडा रंग उतरून विटकरी-पिवळसर होतो, आणि सुक्या अंजिराचा, कवचीच्या फळांचा, आटवलेल्या साखरेचा गंध येतो. बाटलीवरील ‘२० वर्षे’ हा आकडा मिश्रणाच्या सरासरीचा व शैलीचा निदर्शक असतो. बाटली आणि पीप यांतील फरक या जोडीत दिसतो.

तिसरी जोडी मदेरामधील ‘सर्सियाल’ आणि ‘मामझी’ यांची. येथे द्राक्षाची जात व मद्यार्क घालण्याची वेळ बदलते. सर्सियालमध्ये तो उशिरा घालतात, म्हणून ती कोरडी. माल्वाझिया द्राक्षाच्या मामझीमध्ये लवकर, म्हणून ती गोड. यांच्या मधोमध ‘व्हर्देल्यो’ आणि ‘बुआल’ येतात. परंतु चारहींमध्ये दोन गोष्टी समान असतात. एक म्हणजे तीक्ष्ण आंबटपणा, जो मामझीच्या दाट गोडीलाही जड होऊ देत नाही. दुसरी म्हणजे उष्णतेत मुरल्याची खूण : काकवी, संत्र्याची वाळलेली साल आणि किंचित धूर यांची आठवण देणारा गंध. या गंधाचा एक प्रमुख घटक ‘सोटोलोन’ हे द्रव्य आहे. मेथीच्या दाण्याला त्याचा विशिष्ट वास याच द्रव्यामुळे येतो. जुन्या मदेराचे वर्णन करताना युरोपीय परीक्षक अनेक उपमा शोधतात. मराठवाड्यातील कोणत्याही स्वयंपाकघरात फोडणीच्या मेथीतून तो गंध रोज येतो.

षड्रसांची आपली चौकट या तुलनेला चांगलीच उपयोगी पडते. मामझीत मधुर, सर्सियालमध्ये अम्ल, फिनोत लवणाचा भास, कोवळ्या व्हिंटेज पोर्टमध्ये कषाय, जुन्या ओलोरोसोच्या शेवटी किंचित तिक्त, आणि सर्वांमध्ये मद्यार्काच्या दाहामुळे कटु, असे सहाही रस या तीन जोड्यांत भेटतात. परकीय पदार्थाचे परीक्षण करण्यासाठी परकीय शब्दांचीच गरज असते असे नाही.

चवीच्या साक्षीच्या मर्यादा

चव ही साक्ष असली तरी ती एकटी पुरेशी नाही. समुद्रप्रवासाने आलेली चव आणि इस्तुफात आलेली चव यांत सूक्ष्म फरक असतो, परंतु केवळ जिभेच्या आधारे प्रवासाचा निर्वाळा देता येत नाही. इस्तुफाचा जन्मच मुळी ही चव प्रवासाशिवाय मिळविण्यासाठी झाला. म्हणून जहाजांची कागदपत्रे, पेढ्यांच्या हिशेबवह्या आणि प्रवासवृत्ते यांच्या जोडीनेच चवीचा पुरावा वाचला पाहिजे. ओव्हिंग्टनची नोंद नसती, तर मदेराच्या पेल्यातील उष्णता आपण निराळ्या कारणाला चिकटविली असती.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पेल्यात हवा, लाकूड, उष्णता आणि काळ उतरतात, श्रम उतरत नाहीत. घाट चढणारे गाडीवान, पिपे उतरविणारे हमाल, मेसमधील खानसामे आणि बुटलेर यांची चव कोणत्याच वाइनला येत नाही. छावणीतील अधिकारी मदेरा पीत असता सामान्य गोऱ्या सैनिकाच्या वाट्याला अरक येई, तर आसपासच्या खेड्यांतील माणूस मोहाची दारू किंवा शिंदी पिई आणि त्यावर आबकारी कर भरी. ही विषमता चाखून कळत नाही, ती कागदपत्रांतूनच शोधावी लागते. आस्वादाच्या इतिहासाने हे भान सोडले, तर तो केवळ शौकिनांचा इतिहास ठरेल.

द्राक्षे आपली, थांबणे कोणाचे?

दख्खनला द्राक्षे नवी नाहीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादला द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहिले आहे. आजचा महाराष्ट्रातील बागायतदारही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो, मात्र पीक एकच घेतो. जालना जिल्ह्यातील कडवंची या गावात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत, मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रामार्फत १९९६ पासून पाणलोटाची कामे झाली. त्यानंतर शेततळ्यांच्या आधाराने हे गाव द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. ही द्राक्षे खाण्याची आहेत. वाइनची द्राक्षे जातीने वेगळी, बियांची आणि अधिक आंबट असतात.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली. पुढे २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा नाशिक भागातील कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. येथे मुरण्याच्या प्रश्नाचे आर्थिक रूप समोर येते. वाइन मुरविणे म्हणजे माल हातात असूनही तो न विकणे. या काळात पिपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो, भांडवल अडकून पडते आणि व्याज वाढत राहते. वीस वर्षे मुरलेल्या पेल्याच्या किमतीत थांबण्याची किंमत सर्वांत मोठी असते. फुंशालच्या पेढ्या थांबू शकल्या. हंगामाच्या अखेरीस कर्जाचा हप्ता भरणारा बागायतदार थांबू शकत नाही. उरलेल्या द्राक्षांचा बेदाणा करणे एवढीच सवड त्याला असते.

याच संदर्भात ‘पोर्ट’ या नावाचा विचार केला पाहिजे. १५१० ते १९६१ या काळात गोव्यावर पोर्तुगीज सत्ता होती. तेथे रूढ झालेली ‘पोर्ट वाइन’ आज मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटकातील द्राक्षांपासून होते. ती गोड आणि स्वस्त असते व बहुधा कोवळीच विकली जाते. युरोपात ‘पोर्ट’ हे नाव कायद्याने डौरो खोऱ्यापुरते राखीव आहे. गोव्याच्या पोर्टला कमी लेखण्याचे कारण नाही, ती एका निराळ्या ग्राहकवर्गाची आणि निराळ्या इतिहासाची वाइन आहे. परंतु टॉनी पोर्टच्या शेजारी ती ठेवली, तर नाव प्रवास करू शकते, काळ मात्र उसना मिळत नाही, हे स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. प्रबलित वाइन ही दूरच्या व उष्ण प्रवासाच्या गरजेतून वाढली, आणि जालन्यासारख्या रेल्वेपूर्व अंतर्गत छावण्या हे त्या प्रवासाचे एक टोक होते. शेरीतील हवा, पोर्टमधील बाटली व पीप, आणि मदेरातील उष्णता हे घटक तुलनेने चाखले असता वेगवेगळे ओळखता येतात, म्हणून चवीला दुय्यम पुराव्याचे स्थान देता येते. मदेराची ओळख बनलेली उष्णतेची चव हिंदुस्थानच्या वाटेवर मोलाची ठरली. परंतु त्या मोलाचा वाटा येथील कोणाला मिळाला नाही.

आजच्या संदर्भात या इतिहासाचा बोध असा की, द्राक्ष पिकविणे आणि द्राक्षाचे मोल वाढविणे यांच्या मध्ये थांबण्याची ऐपत उभी असते. ही ऐपत सामूहिक साठवण, दीर्घ मुदतीचे कर्ज आणि सहकारी मालकी यांतूनच सामान्य बागायतदाराला मिळू शकते. मग मुरवायचे ते वाइन असो, बेदाणा असो वा दुसरे कोणते फळोत्पादन. जालना जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करताना पेठेतील उलाढालीबरोबरच कोण किती काळ थांबू शकत होता, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारात घेतला पाहिजे.